अँकाची दोन वचनं

1958 साली वॉल्टन नावाच्या एका ब्रिटिश डॉक्टरांनी एक उदास हिशेब मांडला. वेगेनर ग्रॅन्युलोमॅटोसिस या रोगाचे 56 रुग्ण त्यांनी अभ्यासासाठी एकत्र केले होते. हे लोक सरासरी पाच महिने जगले होते. 82 टक्के तर वर्षाच्या आतच गेले.

सुरुवात व्हायची ती अगदी किरकोळ तक्रारींनी. सर्दी हटत नाही, नाकात खपल्या धरतात, कधी रक्त येतं, कान ठणकतो. औषधानं चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा पहिले पाढे. मग बारीक ताप, वजन उतरणं, सांधे धरणं. खोकल्यातून रक्त पडलं की छातीचा डॉक्टर गाठायचा. या सगळ्या धावपळीत मूत्रपिंडं मात्र न दुखता, न कुरकुरता बिघडत असायची. लघवीतल्या रक्तपेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय कळत नाहीत, आणि नाकाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाची लघवी तपासायचं कोणाच्या मनात येणार? पायांवर सूज आणि उलट्या घेऊन तो इस्पितळात दाखल व्हायचा, तोवर मूत्रपिंडातले केशवाहिन्यांचे गुच्छ गेलेले असायचे.

नाक, फुप्फुस, मूत्रपिंड. तीन अवयव आणि तीन वेगळे डॉक्टर. मुळातला बिघाड एकच होता: सगळ्यांत बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींचा दाह. त्या फुटत तरी होत्या, नाहीतर बुजत तरी होत्या. पण हे सारं एका नजरेत दिसायचं ते शवविच्छेदनाच्या टेबलावर. या रोगांचा बहुतेक आरंभीचा इतिहास म्हणूनच विकृतिशास्त्रज्ञांनी लिहिलेला आहे. जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये अडोल्फ कुसमाउल आणि रुडोल्फ मायर यांनी 1866 मध्ये 27 वर्षांच्या एका शिंप्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्याच्या धमन्यांवर नुसत्या डोळ्यांना दिसतील अशा गाठी होत्या. 1931 मध्ये हाइन्झ क्लिंगर या तरुण जर्मनानं नाकापासून सुरू होणाऱ्या एका वेगळ्या प्रकाराकडे बोट दाखवलं. आणि 1936 मध्ये ब्रेस्लाऊ इथल्या फ्रीडरिश वेगेनर यांनी तीन रुग्णांच्या शवविच्छेदनावरून हा स्वतंत्र रोग असल्याचं सांगितलं. पुढे रोगाला त्यांचंच नाव पडलं. ते नाव टिकलं नाही. त्याकडे नंतर येऊ.

1970च्या सुमारास चित्र पालटलं. अमेरिकेत बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत शेल्डन वुल्फ आणि अँथनी फाउची (कोविडच्या दिवसांत टीव्हीवर रोज दिसणारे तेच) यांनी सायक्लोफॉस्फमाइड हे कर्करोगावरचं औषध स्टेरॉइडच्या जोडीनं देऊन पाहिलं. 1983 मध्ये त्यांनी 85 रुग्णांचा लेखाजोखा प्रसिद्ध केला तेव्हा त्यातल्या 93 टक्क्यांचा रोग पूर्ण आटोक्यात आला होता. वॉल्टनच्या आकड्यांशेजारी हा आकडा ठेवला की काय घडलं ते कळतं.

पण हे औषध म्हणजे दुधारी शस्त्र. मूत्राशयातून रक्तस्राव, पुढे मूत्राशयाचा कर्करोग, वंध्यत्व, जीवघेणे जंतुसंसर्ग हे सगळं त्याच्याबरोबर येतं. नुसत्या संशयावर ते द्यायची कोणाची छाती होत नाही. वाट पाहावी तर मूत्रपिंड थांबत नाही. नाकातला तुकडा काढून तपासावा, तर त्यात बऱ्याचदा नुसता दाह दिसतो, नेमकं काहीच हाती लागत नाही. उपाय सापडला होता, पण वेळेवर निदान करायची सोय नव्हती. या रोगाची खूण रक्तात शोधणाऱ्या अँका चाचणीचं महत्त्व समजून घ्यायचं तर ही पंचाईत आधी ध्यानात घ्यावी लागते.

चाचणीचं तंत्र तसं जुनंच. 1941 मध्ये हार्वर्डच्या अल्बर्ट कून्स यांनी अँटीबॉडीला चमकणारा रंग जोडून ती कुठे जाऊन चिकटते ते पाहण्याची युक्ती काढली. पुढच्या दोन दशकांत ती संधिवाताच्या प्रयोगशाळांत रुळली. रुग्णाचा रक्तद्रव पेशींवर टाकायचा आणि काय उजळतं ते पाहायचं. ल्युपसच्या रुग्णांत पेशीचं केंद्रक उजळतं, म्हणून सगळ्यांचं लक्ष केंद्रकावर. कोपनहेगनमध्ये अॅलन वीक हे पांढऱ्या पेशींच्या केंद्रकांवरच्या अशाच अँटीबॉडींचा वर्षानुवर्षं अभ्यास करत होते. केंद्रकाबाहेरचा पेशीद्रव उजळला, तर त्याचं कौतुक करायला फारसं कोणी तयार नव्हतं.

1982 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिस, मोरन, नाइल आणि रायन या चौघांचा एक छोटेखानी लेख आला. मूत्रपिंडाच्या एका उग्र दाहाचे आठ रुग्ण. आणि त्यांच्या रक्तात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या पेशीद्रवाला चिकटणारी अँटीबॉडी. हा मोठाच शोध होता. पण लेखकांचं लक्ष दुसरीकडेच वेधलं गेलं होतं. डासांमार्फत पसरणारा एखादा विषाणू याच्या मुळाशी असेल का, असा त्यांचा तर्क होता आणि लेखाच्या शीर्षकातच तो प्रश्नचिन्हासह छापला होता. विषाणूचा तर्क बाजूला पडला आणि त्याच्याबरोबर अँटीबॉडीही बरीचशी दुर्लक्षित राहिली. 1984 मध्ये ऑस्ट्रेलियातल्याच दुसऱ्या एका गटानं रक्तवाहिनीदाहाच्या चार रुग्णांत तीच अँटीबॉडी पाहिली. त्याचाही गाजावाजा झाला नाही. विज्ञानात आधी पाहणाऱ्याइतकंच, किंबहुना जास्त, श्रेय त्याचा अर्थ लावणाऱ्याला मिळतं. ते न्याय्य आहे की नाही यावर वाद घालता येईल; पण ऑस्ट्रेलियन मंडळींच्या बाबतीत घडलं ते असं.

अर्थ लावला तो डच आणि डॅनिश डॉक्टरांनी. फोको व्हान डर वुड हे ग्रोनिंगेनचे तरुण मूत्रपिंडतज्ज्ञ आणि नील्स रासमुसेन हे कोपनहेगनचे कान-नाक-घशाचे सर्जन. रोगाचं एक टोक एकाच्या हातात, दुसरं दुसऱ्याच्या. जोडीला वीक होतेच, शिवाय लायडनची मंडळी. 23 फेब्रुवारी 1985च्या 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा निबंध छापून आला. वेगेनरचा रोग भडकलेला असताना घेतलेल्या रक्ताच्या 27 नमुन्यांपैकी 25 नमुन्यांत ही अँटीबॉडी होती. रोग शांत असताना घेतलेल्या 32 नमुन्यांपैकी फक्त चारांत.

त्या निबंधाच्या शीर्षकात दोन दावे होते. ही अँटीबॉडी निदानाचं साधन आहे, हा पहिला. रोग किती भडकला आहे हे ती दाखवते, हा दुसरा. 25 आणि 4 या आकड्यांकडे पाहिलं की दोन्ही दावे सारखेच भक्कम वाटतात. पण या दोन वचनांचं नशीब पुढे फार वेगळं निघालं, आणि मला या सगळ्या कथेत सर्वांत रस वाटतो तो त्यातच.

आधी पहिलं वचन. चाचणी करायला काय लागायचं? निरोगी माणसाच्या रक्तातून वेगळ्या काढलेल्या न्यूट्रोफिल पेशी, काचपट्टीवर पसरून अल्कोहोलमध्ये बुडवून पक्क्या केलेल्या. त्यावर रुग्णाच्या पातळ केलेल्या रक्तद्रवाचा थेंब. थोडा वेळ थांबून धुवायचं. मग मानवी अँटीबॉडीला चिकटणारी, हिरवा रंग जोडलेली दुसरी अँटीबॉडी. पुन्हा धुवायचं आणि अंधाऱ्या खोलीत फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. निकाल नकारात्मक असेल तर काळोखात पेशींच्या फिकट छाया. होकारार्थी असेल तर न्यूट्रोफिलचा सगळा पेशीद्रव हिरव्या कणांनी भरलेला, तीन-चार पाळ्यांचं केंद्रक मधोमध काळं आणि पाळ्यांच्या बेचक्यात हिरवा रंग सर्वांत दाट. एकदा पाहिलेला हा नमुना तंत्रज्ञ विसरत नाही. त्याला पेशीद्रवाचा म्हणून सी-अँका म्हणू लागले.

1988च्या आरंभी कोपनहेगनमध्ये या विषयावरची पहिली आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरली. अँका (अँटी-न्यूट्रोफिल सायटोप्लाझ्मिक अँटीबॉडी) हे नावही त्याच सुमाराला स्थिरावलं. आधी डच-डॅनिश गट एसीपीए म्हणत असे. आज ती अक्षरं संधिवाताच्या भलत्याच चाचणीला लागली आहेत. त्याच वर्षी अमेरिकेत चॅपल हिल इथल्या रॉनल्ड फॉक आणि चार्ल्स जेनेट यांनी दुसरा नमुना पुढे आणला. काही रुग्णांत हिरवा रंग पेशीद्रवात न पसरता केंद्रकाभोवती कड्यासारखा दिसतो. हा पी-अँका. आणि यात एक गंमत दडलेली होती: हे कडं खरं नव्हतंच. अल्कोहोलनं न्यूट्रोफिलमधल्या कणिकांची आवरणं विरघळतात. आतलं मायलोपेरॉक्सिडेज हे एन्झाइम धन विद्युतभाराचं. ते मोकळं झालं की ऋणभारित केंद्रकाकडे लोहचुंबकाला कीस चिकटावा तसं ओढलं जातं. अल्कोहोलऐवजी फॉर्मॅलिन वापरलं की तीच अँटीबॉडी पेशीद्रव उजळवते आणि कडं नाहीसं होतं. म्हणजे जगभरच्या प्रयोगशाळांनी ज्या नमुन्यावरून रोगांचे दोन गट पाडले, तो नमुना अल्कोहोलच्या बाटलीतून आला होता. गंमत अशी की हा कृत्रिम भेद अतिशय उपयोगी पडला, कारण त्यामागे दोन वेगळी लक्ष्यं खरोखरच होती. पू हिरवट दिसतो तो ज्याच्यामुळे, ते मायलोपेरॉक्सिडेज हे एक. सी-अँकाचं लक्ष्य असलेलं दुसरं प्रथिन 1989-90 मध्ये अॅमस्टरडॅम, बोस्टन आणि इतर ठिकाणच्या गटांनी जवळजवळ एकाच वेळी ओळखलं: प्रोटीनेज-3. रिपोर्टवर एमपीओ आणि पीआर-3 अशी जी अक्षरं दिसतात ती हीच.

निदानाचं वचन चाचणीनं पाळलं. पूर्वी ज्याला महिने लागत ते काही दिवसांवर आलं. ज्या रुग्णाला आठवडाभरात डायलिसिस लागलं असतं, त्याला बायोप्सीचा निकाल यायच्या आतच औषध सुरू करता येऊ लागलं. पण चाचणी सोपी झाली आणि जो तो ती करून घेऊ लागला. या गटातले सगळे रोग मिळून युरोपातसुद्धा दर दहा लाख लोकांमागे वर्षाला पंधरा-वीस जणांना होतात. समजा चाचणी शंभरातल्या दोनच निरोगी माणसांना चुकून होकार देते. कसलीही खास लक्षणं नसलेल्या हजार जणांची ती केली, तर वीस जणांच्या हाती होकारार्थी रिपोर्ट पडेल आणि बहुधा त्यातल्या एकालाही रोग नसेल. आतड्याच्या अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये अँका सापडते, हृदयाच्या झडपांच्या जंतुसंसर्गात सापडते, थायरॉइडच्या काही गोळ्यांनी येते. अमेरिकेत तर कोकेनमध्ये जनावरांच्या जंतावरचं लेव्हामिसोल मिसळलं जात होतं. ते ओढणाऱ्यांचे कान काळे पडू लागले आणि त्यांच्या रक्तात अँका भरभरून दिसली.

आपल्याकडची अडचण याहून घरगुती आणि जास्त गंभीर. फुप्फुसात पोकळी, खोकल्यात रक्त, ताप, वजनात घट आणि बायोप्सीत ग्रॅन्युलोमा एवढं दिसल्यावर भारतातल्या कुठल्याही डॉक्टरच्या तोंडी पहिला शब्द टीबी हाच येणार, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. रक्तवाहिनीदाहाच्या कित्येक रुग्णांचे मोलाचे महिने म्हणूनच टीबीच्या गोळ्यांत जातात. मग अँका करा की सगळ्यांची, असं कोणी म्हणेल. तर 2004 मध्ये मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेच्या संशोधकांनी फुप्फुसाच्या क्षयाच्या रुग्णांचं रक्त तपासून दाखवलं की त्यांच्यातही अँका आढळते आणि तिचा नमुना वेगेनरच्या रोगाशी मिळताजुळता असू शकतो. अशा माणसाला रिपोर्टच्या भरवशावर सायक्लोफॉस्फमाइड दिलं, तर क्षयाला रान मोकळं. इथे काचपट्टीपेक्षा छातीचा एक्स-रे, थुंकी, लघवी आणि रुग्णाच्या तोंडून निघणारी हकीकत एकत्र वाचणारा डॉक्टर लागतो.

1999 मध्ये मेलबर्नच्या जूडी सॅव्हिज आणि सहकाऱ्यांनी आंतरराष्ट्रीय सहमतीचा मसुदा दिला: आधी सूक्ष्मदर्शक, मग पीआर-3 आणि एमपीओवरच्या अँटीबॉडी मोजणारी एलायझा चाचणी, दोन्ही जुळले तरच होकार द्यायचा. 2017 मध्ये नवी सहमती झाली आणि क्रम उलटला. चांगल्या प्रतीच्या पीआर-3 आणि एमपीओ चाचण्या आता थेट कराव्यात, सूक्ष्मदर्शकाची पायरी सक्तीची नाही.

मधल्या काळात रोगाचं नाव बदललं, आणि तेही वैद्यकीय कारणासाठी नाही. युद्धानंतर वेगेनर ल्यूबेकमध्ये स्थायिक झाले. 1989 मध्ये छातीविकारतज्ज्ञांच्या एका अमेरिकन संघटनेनं त्यांचा सन्मान केला, 1990 मध्ये ते वारले. नंतर अलेक्झांडर वॉयवॉट आणि एरिक मॅटिसन यांनी जुनी दप्तरं उघडली. वेगेनर 1932 मध्येच, म्हणजे हिटलर सत्तेवर यायच्या आधी, नाझींच्या एसए या तुकडीत दाखल झाले होते. 1933 मध्ये पक्षाचे सभासद झाले. युद्धकाळात व्यापलेल्या पोलंडमधल्या वुज शहरात, ज्यूंच्या घेट्टोपासून जवळच, विकृतिशास्त्रज्ञ म्हणून काम करत होते. त्यांच्यावर खटला कधी झाला नाही आणि त्यांचा वैयक्तिक गुन्हा सिद्धही झालेला नाही. तरीही सन्मान मागे घेतला गेला आणि 2011 मध्ये अमेरिकन व युरोपीय संघटनांनी मिळून ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलीअँजायटिस असं लांबलचक नाव सुचवलं. ते तोंडात बसत नाही म्हणून डॉक्टर जीपीए म्हणतात. या रोगाला आणि त्याच्या भावंडांना मिळून जे कुलनाम पडलं, ते मात्र चाचणीचंच: अँका-संलग्न रक्तवाहिनीदाह. माणसाचं नाव गेलं आणि परीक्षेचं राहिलं. मला तरी हा बदल न्याय्य वाटतो.

या अँटीबॉडी नुसती खूण आहेत की गुन्हेगार, हाही वाद बरीच वर्षं चालला. फॉक आणि जेनेट यांच्या गटानं 1990 मध्ये परीक्षानळीत दाखवलं की अँका न्यूट्रोफिलला चिकटली की तो भडकतो आणि आपली दाहक रसायनं ओकतो. 2002 मध्ये चॅपल हिललाच निर्णायक प्रयोग झाला. मायलोपेरॉक्सिडेज मुळातच नसलेल्या उंदरांना ते टोचलं, तेव्हा त्यांच्या शरीरानं ते परकं मानून अँटीबॉडी तयार केल्या. या अँटीबॉडी साध्या उंदरांना दिल्या आणि त्यांची मूत्रपिंडं माणसांसारखीच बिघडली. म्हणजे एमपीओच्या बाबतीत तरी खूण हीच गुन्हेगार. त्याच उंदरांवरच्या पुढच्या कामातून सी5ए या रक्तातल्या दाहकारक घटकाचा धागा हाती आला आणि त्याची वाट अडवणारं अॅव्हाकोपॅन हे औषध 2021 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. पीआर-3साठी इतका स्वच्छ पुरावा उंदरांनी दिलेला नाही.

आता दुसरं वचन. रोग भडकण्याआधी अँका वाढते का? 1990 मध्ये ग्रोनिंगेनच्या कोएन टेरवार्ट आणि सहकाऱ्यांनी याचा छान प्रयोग केला. 58 रुग्णांची अँका ठरावीक काळानं मोजत राहिले. ज्या वीस जणांची पातळी वाढली, त्यांतल्या नऊ जणांना लक्षणं नसतानाच औषध दिलं, अकरा जणांना दिलं नाही. औषध मिळालेल्यांत एकाचाही रोग उलटला नाही. न मिळालेल्या अकरांपैकी नऊ जणांचा उलटला. इतका लख्ख निकाल पाहून कोणालाही वाटेल की प्रश्न मिटला.

तो मिटला नाही. मोठ्या गटांत हे नातं सैल पडत गेलं. 2007 मध्ये अमेरिकेतल्या एका औषध-चाचणीतल्या रुग्णांचे पीआर-3चे आकडे पुन्हा तपासले, तेव्हा पातळीतला बदल आणि रोगाची हालचाल यांचा संबंध क्षीण निघाला. काहींची अँका वर्षानुवर्षं चढलेली आणि माणूस ठणठणीत. काहींची नाहीशी झालेली आणि रोग परत हजर. दवाखान्यात याचा अर्थ असा की बरा झालेला रुग्ण दर तीन महिन्यांनी रिपोर्ट घेऊन येतो, आकडा वाढलेला पाहून त्याची रात्रीची झोप उडते आणि डॉक्टर त्या आकड्यावर विषारी औषध सुरू करायला तयार नसतो. कारण नसलेल्या भीतीवर औषध देणं हीसुद्धा चूकच.

सायक्लोफॉस्फमाइडची जागा बऱ्याच अंशी रक्तातल्या बी-पेशी मारणाऱ्या रिटुक्सिमॅब या औषधानं घेतल्यावर हा प्रश्न नव्या रूपात आला. फ्रेंच डॉक्टरांनी 162 रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला ठरलेल्या तारखांना इंजेक्शन; दुसऱ्याला अँका किंवा बी-पेशी डोकं वर काढतील तेव्हाच. 2018 मध्ये निकाल आला. ठरलेल्या तारखांच्या गटात 9.9 टक्क्यांचा रोग उलटला, रक्तावर नजर ठेवणाऱ्या गटात 17.3 टक्क्यांचा. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरण्याएवढा मोठा ठरला नाही. पण दुसऱ्या गटाला 381 ऐवजी 248च सलाइन लागल्या. आणि ज्यांचा रोग उलटला, त्यांच्या अँकाच्या चढउतारानं आधी सूचना दिली होती का? भरवसा ठेवावा इतकी नाही.